पट्टा कोणी बांधला

दोम्निकाला नणंदेचा राग यावा असं अस्पाझियानं काही केलं नव्हतं, आणि खरी पंचाईत तिथेच होती. भांडखोर नणंद परवडते. तिच्या नावानं फाटकाशी उभं राहून चार बायकांत बोलता तरी येतं. पण जी रोज सकाळी अंगण ओलांडून येते, कोपरापर्यंत हात धुते, तुमच्या पोराच्या पोटावरची पिशवी बदलते आणि जाता जाता तुमच्यासाठी दूधही तापवून ठेवते, तिच्याबद्दल बोलणार काय आणि कुणापाशी?

सावा जन्मला तेव्हा त्याला शीची जागाच नव्हती. तिथली कातडी नुसती सपाट. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोम्निकाचं पोट फाडून त्याला बाहेर काढलं, आणि तिला नीट शुद्ध येईपर्यंत तो याश शहरातल्या मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलाही होता. तिथे डॉक्टरांनी त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूला भोक पाडून आतड्याचं तोंड बाहेर आणून ठेवलं. शी तिथून यायची आणि वर चिकटवलेल्या पिशवीत पडायची. हे काही कायमचं नव्हतं. पोरानं जरा बाळसं धरलं की खाली खरी वाट तयार करायची, आणि ती बरी झाली की वरचं तोंड बंद करून टाकायचं. मोठं ऑपरेशन ईस्टरनंतर ठरलं होतं. डॉक्टरीणबाई दर खेपेला एकच बजावायच्या, ते आतडं जपा. त्याला दुखापत झाली तर सगळं लांबणीवर पडेल, आणि काळं पडलं तर कापून टाकून दुसऱ्या जागी नवं तोंड काढावं लागेल. एवढ्याशा पोराजवळ उधळायला आतडं नसतं, असं त्या म्हणायच्या.

इकडे दोम्निकाची जखम चिघळली आणि तापानं ती जिल्ह्यातच अडकली. सावाजवळ राहायला अस्पाझिया गेली. दुसरं कोण जाणार होतं? दोम्निकाचा नवरा तोआदेर पहाटेपासून पावाची गाडी घेऊन गावोगाव फिरायचा, आणि त्या वॉर्डात पुरुषांना राहूही देत नसत. अस्पाझियाला मूलबाळ नाही. तिचा नवरा कामाला म्हणून स्पेनला गेला तो गेलाच. एक पिशवी भरून ती निघाली आणि आठवड्यामागून आठवडे तिथेच राहिली.

आमच्याकडे हॉस्पिटलात पोराजवळ बसलेल्या प्रत्येक बाईला ‘मामिका’ म्हणतात, म्हणजे छोटी आई. नाव विचारायला वेळ कुणाला आहे? मामिका, बाटली धुवून आणा. मामिका, जरा बाजूला व्हा. अस्पाझियालाही सगळे मामिका म्हणू लागले आणि तिनंही ते कधी दुरुस्त केलं नाही. शेवटी दोम्निका टाके धरून, वाकत वाकत त्या वॉर्डात पोचली, तेव्हा नर्सनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुम्ही कोण? आत्या का?”

“अहो, आई आहे ती,” अस्पाझिया म्हणाली. म्हणाली लगेच, पण हसून म्हणाली. ते हसू दोम्निकाच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

त्यातच पिशवी बदलायची वेळ झाली. दोम्निकानं पहिल्यांदा ते तोंड पाहिलं. लालभडक, ओलं, सोललेल्या टोमॅटोसारखं चमकणारं, आणि आपोआप हलत होतं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढे केलेले हात मागे आले.

“दे इकडे,” अस्पाझिया म्हणाली.

एवढेच दोन शब्द. पण तेव्हापासून पिशवी अस्पाझियाच्या हातात गेली ती गेलीच, आणि सावाला याशला दाखवायला नेण्याचं कामही तिच्याकडेच आलं. घरी आल्यावर दोम्निकानं एकदा हिंमत करून स्वतः बदलली, तर पिशवीचं भोक मोठं कापलं गेलं आणि शी कातडीला लागून चट्टा सोलवटून निघाला. अस्पाझियानं तो पुसला, पावडर लावली, नवीन पिशवी बसवली. तोंडातून चकार शब्द काढला नाही. काही बोलली असती तर दोम्निकाला हलकं वाटलं असतं.

पुढे पुढे सावा आत्याची पावलं ओळखायला लागला. दार वाजलं की मान वळवायचा. तो पहिल्यांदा खुदकन हसला तेही तिच्याकडे बघून. दोम्निका तेव्हा हातात धुण्याची बादली घेऊन दारात उभी होती. तिनं बादली खाली आपटली आणि आत जाऊन उगाचच भांडी घासत बसली.

बाप्तिस्म्याचा विषय निघाला तेव्हा तोआदेर म्हणाला, “धर्मआई अस्पाझियाच ना?”

“झेनोव्हियाबाईंना विचारलंय मी.”

“गुरांच्या डॉक्टरांच्या बायकोला? अगं, त्यांनी सावाला कधी हातात तरी घेतलंय का?”

“आता घेतील. ताईंनी काय कमी केलंय? अजून किती राबवायचं त्यांना?”

तोआदेर भोळा असला तरी बावळट नव्हता. तो काय ते समजला आणि टोपी घालून बाहेर गेला. बहिणीला सांगायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. दोम्निका खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. अस्पाझिया कणीक तिंबत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “मोठं घर आहे त्यांचं. पोराला आधार होईल.”

दोम्निकानं डोळे ताणताणून तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधलं. तिला तिथे नुसतं पीठ लागलेलं दिसलं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात पिशवी बदलता बदलता अस्पाझिया म्हणाली, “फादरना आधी सांगून ठेव हं. पोराला पाण्यात बुडवू नका म्हणावं, डोक्यावर ओंजळीनं घाला. त्या पाण्यात तेल ओततात. तेल लागलं की पिशवी चिकटून राहायची नाही. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्याला धुताही यायचं नाही.”

“सांगते,” दोम्निका म्हणाली.

त्यानंतर फादर तिला दोनदा भेटले. एकदा दुकानात, एकदा चर्चच्या फाटकाशी. त्यांनी आपणहून विचारलंसुद्धा, “बाळाचं काही विशेष जपायचंय का?” दोम्निकाच्या ओठांवर आलं होतं. पण ते वाक्य अस्पाझियाचं होतं. आपल्याच पोराबद्दल तिचं शिकवलेलं बोलायचं? “काही नाही, फादर,” ती म्हणाली. “इतर मुलांसारखाच आहे तो.”

रविवारी सगळे चर्चला निघाले. अस्पाझियाला तिनं अंगणातल्या भट्टीपाशी ठेवलं. “ताई, तुमच्या हातच्या चीज भरलेल्या प्लाचिंता नसल्या तर पाहुणे नावं ठेवतील. तुमच्यासारखी कणीक कुणाला ताणता येते?” कौतुकाच्या कागदात गुंडाळून माणसाला दूर कसं ठेवायचं, हे दोम्निकाला चांगलं जमत होतं. अस्पाझियानं बाह्या वर केल्या आणि भट्टी पेटवली.

आमच्या रिवाजात आईनं बाप्तिस्मा होईपर्यंत चर्चच्या आत यायचं नसतं. दोम्निका दाराशी थांबली. आतून सावाच्या तीन किंकाळ्या ऐकू आल्या. प्रत्येक बुडीला एक. मग झेनोव्हियाबाई त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून घेऊन आल्या, दोम्निकानं रिवाजाप्रमाणे तीनदा वाकून नमस्कार केला आणि पोर तिच्या हातात आलं. त्याच्या केसांना तेलाचा गोड वास येत होता. तिला रडू फुटलं. कोणी मध्ये नव्हतं. कोणी “दे इकडे” म्हणत नव्हतं.

घरी पोचेपर्यंत कापड ओलं झालं होतं. मागच्या खोलीत तिनं उघडून पाहिलं तर पिशवी एका बाजूनं सुटलेली. तिनं नवीन लावली, तीही घसरली. आणखी एक लावली, तीही तशीच निघाली. तेलकट कातडीवर काही टिकेना. आता साबणानं पुसावं म्हटलं तर अंगावर पवित्र तेल. ते उतरवायचं धर्मआईनं, दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीत, आणि ते पाणी फळझाडाच्या मुळाशी ओतायचं. त्याआधी आईनं ते धुऊन टाकलं तर गावानं तिला जन्मभर बोलून खाल्लं असतं.

खिडकीतून भट्टी दिसत होती. एक हाक मारली असती तरी अस्पाझिया धावत आली असती. तिनं हात धुतले असते, सगळ्या पाहुण्यांच्या आणि झेनोव्हियाबाईंच्या देखत “दे इकडे” म्हटलं असतं, आणि मग हळूच विचारलं असतं, “फादरना सांगितलं नव्हतंस का गं?” नुसत्या कल्पनेनंच दोम्निकाचे कान तापले. तिनं खिडकी लावून घेतली.

कपाटात तिच्या आईनं दिलेला विणलेला लांब पट्टा होता. लहानपणी दोम्निकाला स्वतःला त्यात गुंडाळायचे. आमच्याकडे सगळी पोरं अशीच पट्ट्यात वाढली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर काही आवळायचं नाही म्हणून सांगितलं होतं खरं. पण थोडा वेळच तर होता. तिनं आतड्याच्या तोंडावर धुतलेल्या कापडाची घडी ठेवली आणि वरून पट्टा गुंडाळला. सैल बांधला तर घडी सरकत होती. मग तिनं घट्ट बांधला.

बाहेर आणल्यावर बायकांनी त्याला हातोहात घेतलं. पोट सपाट, कुठे फुगवटा नाही, कसला वास नाही.

“अगं बाई, याला काही झालंय असं वाटतसुद्धा नाही! थू थू, दृष्ट नको लागायला.”

“आईचा हात लागला ना. आईचा हात तो आईचा हात.”

दोम्निकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सावा रडत होता, पण बाप्तिस्म्याला कुठलं पोर रडत नाही? अस्पाझिया गरम प्लाचिंतांचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

“दोम्निका, हे भुकेचं रडणं नाही. बघू दे जरा.”

“मला कळतं माझ्या पोराचं रडणं. तुम्ही भट्टी बघा ताई, करपतील.”

कोणीतरी फिसकन हसलं. अस्पाझियाच्या गालांवर भट्टीचा लाल रंग होता, तो तेवढा उतरला. तिनं ताट ठेवलं आणि ती निघून गेली. इतके महिने दोम्निकाला जे हवं होतं ते तिला मिळालं. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

दिवेलागणीला कापड बदलताना आतड्याचं तोंड तिला जरा मोठं दिसलं. रडून सुजलं असेल. तिनं पट्ट्याला आणखी एक वेढा दिला, म्हणजे आत दबून राहील. रडून दमलेलं पोर मग झोपलं. कण्हत होतं, पण झोपलं होतं. सोडून बघितलं तर उठेल, उठलं तर रडेल आणि रडलं तर अस्पाझिया येईल, म्हणून दोम्निकानं पट्टा सोडला नाही.

सोमवारी सकाळी झेनोव्हियाबाई चार बायकांना घेऊन आल्या. टबातल्या कोमट पाण्यात तुळशीसारख्या वासाची पानं, थोडं दूध, फुलांच्या पाकळ्या टाकल्या होत्या. गाणी चालली होती. झेनोव्हियाबाईंनी अंगठ्या काढून ठेवल्या आणि पट्ट्याचा एकेक वेढा सोडायला सुरुवात केली. शेवटचा वेढा सुटला आणि गाणं तुटलं.

तोंड कसलं, आतडंच बाहेर आलं होतं. पट्ट्याच्या दाबानं पोटातून ढकललं गेलेलं, बोटाएवढं लोंबणारं, सुजून तट्ट फुगलेलं. रंग वांग्यासारखा झाला होता.

“मला नाही हो जमणार हे!” झेनोव्हियाबाई हात वर करून भिंतीला टेकल्या.

सगळ्या बायका दोम्निकाकडे बघत होत्या. आईचा हात म्हणणारीही त्यांच्यात होती. दोम्निकाचे हात पुढे आले आणि हवेतच राहिले. मग तिच्याच घशातून हाक निघाली.

“ताई! ताई, धावा!”

अस्पाझिया आली. पट्टा तिनं पाहिला, पोर पाहिलं, आणि आधी कोपरापर्यंत हात धुतले. तेवढा वेळ दोम्निकाला युगासारखा गेला. मग अस्पाझियानं वॉर्डात फोन लावला आणि ऐकता ऐकता सांगत गेली. “आडवा ठेव त्याला. रडू देऊ नको. साखर आण. अगं साखर, खायची! भरपूर. सूज ओढून घेते म्हणतात. आणि ओलं कापड.” बाप्तिस्म्याच्या टेबलावरून दोम्निकानं साखरेचं भांडं उचललं आणि धरून उभी राहिली. अस्पाझियाची बोटं साखर घ्यायची, त्या जांभळ्या आतड्यावर अलगद पेरायची, पुन्हा भांड्यात यायची. भांडं धरायचं एवढंच काम आईला उरलं होतं.

तोआदेरनं पावाची गाडी काढली. सावा अस्पाझियाच्या मांडीवर होता. दोम्निकानं एकदा त्याला घेऊन पाहिलं, पण तो असा किंचाळला की तिनं निमूटपणे परत दिला. अस्पाझिया तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत राहिली आणि तो शांत झाला. पोराचा जीव टांगणीला लागलेला, आणि त्यातही दोम्निकाला ते गुणगुणणं टोचत होतं. तिला स्वतःची किळस आली. तरी टोचायचं थांबलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात नर्स धावत आली, सरळ अस्पाझियाकडे. “मामिका, द्या इकडे. काय झालं आपल्या सावाला? चला आत. एकीनंच यायचं, दुसरीनं बाहेर थांबा.”

अस्पाझिया जागीच उभी राहिली आणि तिनं दोम्निकाकडे पाहिलं.

“जा तुम्ही,” दोम्निका म्हणाली. “तो तुमच्याजवळ शांत राहतो.” हे शब्द बाहेर काढताना तिला जणू काचा गिळाव्या लागल्या.

तोआदेर गाडी लावायला गेला. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीशेजारच्या बाकावर दोम्निका बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की साखरेचं भांडं अजून तिच्या हातातच आहे. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता. “साखरेनं बरीच उतरलीय सूज... हळू... सरकतंय... गेलं आत.” मग कितीतरी वेळ काहीच नाही. “थांबा, रंग बघू दे. काळं आहे का? नाही... लाल होतंय. होतंय लाल.”

दोम्निकानं भिंतीला डोकं टेकलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“वाचलं म्हणायचं, पण लगेच हरखून जाऊ नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ईस्टरनंतरचं ऑपरेशन होईल की पुढे जाईल, ते मी आज सांगू शकत नाही.” आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला. “हे वळ कसले आहेत पाठीपर्यंत? पट्टा? या आतड्यावर पट्टा आवळलात? कोणी बांधला?”



“मी,” अस्पाझिया म्हणाली.

दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे नणंदेचे पाय धरायला धावली असती. दोम्निकाच्या मात्र अंगाचा भडका उडाला. हेही? पोराचं पहिलं हसू हिनं घेतलं, मामिका हे नाव घेतलं, त्याच्या पहिल्या दिवसांतली सगळी जागरणं घेतली. आणि आता आईच्या हातून झालेली इजाही हिलाच पाहिजे? एवढी एकच गोष्ट तर दोम्निकानं स्वतःच्या हातानं केली होती. तिनं दार ढकललं.

“खोटं बोलतायत त्या! पट्टा मी बांधला. फादरना बुडवू नका म्हणून सांगायचं होतं, तेही मीच सांगितलं नाही. त्यांना भट्टीपाशी मी ठेवलं.” तिचा आवाज फाटला. “मी बांधला. आई मी आहे त्याची.”

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं.

“मग या कोण?”

अस्पाझियानं सावाच्या पोटावरचा हात काढला. खोलीत एवढी माणसं होती, पण ती फक्त दोम्निकाकडे बघत होती, आणि दोम्निका इतके महिने तिच्या चेहऱ्यावर जे शोधत होती ते आता तिथे होतं. लपवायला पीठ नव्हतं.

“आत्या,” ती म्हणाली. “मी आत्या आहे.”

दोम्निकाला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

“तर मग आई, इकडे या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नवीन पिशवी तुम्ही बसवायची. मी उभी आहे. आधी हात धुवा. कोपरापर्यंत.”

दोम्निकानं साखरेचं भांडं नळाशेजारी ठेवलं. मागे अस्पाझियाची पावलं दाराकडे गेली, आणि ती पावलं ओळखणारा सावा मान वळवून रडू लागला.

“ताई,” दोम्निका पाठमोरीच म्हणाली, “जाऊ नका. तिथे दिसेल त्याला, अशा उभ्या राहा.”

पावलं थांबली. दोम्निकानं हात धुतले, पुसले, आणि आत्याकडे बघून रडणाऱ्या आपल्या पोराजवळ ती गेली.